चोरून ऐकलेलं शरीरशास्त्र

एल्मफर्ड, मिशिगन
९ ऑक्टोबर १९८३

चि. ऐली हिस,
रेइनोमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू वर्षभर राहून गावी परत गेलीस तेव्हापासून तुझी मामी म्हणते की घर सुनं झालं. माझ्या मते फक्त न्हाणीघर मोकळं झालं. पण तुझ्या खोलीचा दिवा ती रोज संध्याकाळी लावते आणि मी रोज विजेच्या बिलाच्या नावाने तो मालवतो, एवढं खरं.

पत्राला कारण वॉरन. मामीचा हा भाचा परवा जेवायला आला होता. तोही यंदा आमच्याच विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजला अर्ज करतोय हे तुला ठाऊक आहेच. अर्जाची प्रत तो खिशात घेऊन हिंडतो, नवरदेवाने फोटो घेऊन हिंडावं तशी. त्यात 'इतर शिक्षण' म्हणून एक रकाना आहे. रीतसर नाव न घालता, परीक्षा न देता, नुसतं जाऊन बसून ऐकलेले वर्ग तिथे लिहिता येतात म्हणे. वॉरनने आठ लिहिले आहेत. मी जरा चौकशी केली. मेंदूविज्ञानाच्या वर्गात तो एकदाच गेला होता, आणि तोही त्याच खोलीत दुसऱ्या विषयाच्या तासाला विसरलेली छत्री आणायला. वैद्यकाच्या इतिहासाला बसायचा, कारण पुढच्या बाकावर लाल केसांची एक मुलगी बसायची. ती गेली तसा इतिहासही संपला. वैद्यकीय नीतिशास्त्र त्याने व्हरांड्यातून ऐकलं. दार उघडं होतं, असं तो म्हणाला. मी विचारलं की नीतिशास्त्र लिहिताना तरी हात थरथरला नाही का. तर म्हणाला, अंकल, प्रेंटिस साहेब म्हणतात की समितीला उत्सुकता दिसली पाहिजे.

हे प्रेंटिस साहेब म्हणजे डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलांचे विद्यापीठाने नेमलेले सल्लागार. स्वतः ते कशाचेच डॉक्टर नाहीत. त्यांचं तत्त्वज्ञान असं की ज्या खुर्चीवर तुम्ही बसलात ती खुर्ची अर्जात आलीच पाहिजे. या न्यायाने न्हाव्याची खुर्चीही यायला हरकत नव्हती.

आता तुझ्याविषयी. तू दुपारी इस्पितळाच्या टेलिफोनवर बसायचीस आणि सकाळी प्राध्यापक वोलकॉटांच्या शरीरशास्त्राच्या व्याख्यानाला जायचीस. वर्षभर, एकही दिवस न चुकवता, आजारी असतानासुद्धा. जा, जाऊन बस, इथे कोणी विचारत नाही, असं मीच तुला सांगितलं होतं, आणि ते खरंच आहे. आमच्याकडे निम्मा गाव इतिहासाच्या वर्गात फुकट बसतो. हे वर्ष त्या रकान्यात लिही. एक सरळ ओळ पुरे.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या लोकांची खोड मला माहीत आहे. घराला आग लागली तर पेल्टोलातला फिनिश माणूस म्हणेल की आज जरा उबदार वाटतंय. गेल्या साली तुझा अर्ज नाकारला तो रसायनशास्त्रातल्या मार्कांपायी. हे कॉलेज दोनदाच अर्ज वाचतं, तिसऱ्यांदा पाकीटही फोडत नाही. आणि यंदा जमलं नाही तर तुझे वडील अर्वो तुला काउंटीच्या टेलिफोन ऑफिसात कायमची चिकटवणार, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं आहे. वर आणखी तुमचे डॉक्टर निकनेन आता इतके म्हातारे झाले आहेत की रोगीच त्यांना हात धरून पायऱ्या चढवतात. तेव्हा विनय नंतर करू. तो कुठे पळून जात नाही.

ताईला नमस्कार. माया आहे ती वाढती ठेव.

तुझा,
रेइनोमामा


पेल्टोला, अप्पर मिशिगन
२० ऑक्टोबर १९८३

ती. रेइनोमामांस,
ऐलीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. बटाटे काढून झाले. बाबांचा गुडघा पाऊस सांगतो तसा आता बर्फही सांगायला लागलाय. आई म्हणते की रेडिओ विकून टाकू. सौनाचं धुराडं नवं बसवलं, त्यामुळे शनिवारी अर्धा गाव आमच्याकडे अंघोळीला होता.

वॉरनचं वाचून आईला हसू आलं आणि मग हसल्याबद्दल वाईट वाटलं. मला फक्त हसू आलं. पण मामा, छत्री आणायला का होईना, तो आत गेला होता. तुम्ही त्याला इतकं सोलू नका, जेवायला बोलावता ना.

अर्ज तुमचं पत्र यायच्या आधीच गेला. वोलकॉट सरांच्या व्याख्यानांचं मी लिहिलंय, तेव्हा काळजी नको. एका ओळीत मावलं नाही, चार ओळी झाल्या. कुठे लिहावं याचा बराच विचार केला आणि मला योग्य वाटली त्याच जागी लिहिलं. आईला दाखवलं, तिलाही पटलं.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. त्या वर्षात मला एक प्रश्न पडला होता. गळ्यातल्या स्वरयंत्राला जी नस जाते ती मेंदूकडून निघून सरळ गळ्यात थांबत नाही. डाव्या बाजूची तर छातीत उतरते, हृदयाजवळच्या महाधमनीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्यापर्यंत चढते. हाताच्या अंतरावर असलेल्या घरी जायला गावाबाहेरून जावं तसं. का, ते सरांनी सांगितलं नाही, आणि माझ्या जुन्या पुस्तकातही फक्त वाट दिलीय, कारण नाही. वर्षभर तोंडावर आलेला प्रश्न मी गिळला. फी न भरलेल्या माणसाने खुर्ची अडवली तेवढं पुरे, फी भरलेल्यांचा वेळही कशाला घ्यायचा. दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बसायचे आणि कोणी उभं दिसलं की उठायचे.

मामींना सांगा, खोलीतला दिवा लावत जा. बिल मी डॉक्टर झाल्यावर देईन.

तुमच्या आशीर्वादाची वाट बघणारी,
ऐली


पेल्टोला
२७ नोव्हेंबर १९८३

चि. रेइनो यास,
हेल्मीताईचे अ. उ. आ. देवाची शांती तुझ्यावर असो, तुला नको असली तरी.

तुला राग येणार आहे म्हणून आधी बातमी सांगते, राग तू मागून काढ. कॉलेजचं पत्र आलं. ऐलीचा अर्ज थांबवला आहे. त्यांना खुलासा हवा आहे. विनापरवानगी ती त्यांच्याच वर्गात वर्षभर कशी बसली, प्राध्यापकांना ठाऊक होतं का, त्यांचं काय म्हणणं आहे, ते त्यांच्या सहीने जानेवारीअखेर पोचलं पाहिजे. नाहीतर अर्ज नाकारला असं समजावं. आणि हा दुसरा अर्ज आहे, हे त्यांनीच खाली लिहिलंय, जसं काही आम्ही विसरलो होतो.

आता झालं काय ते ऐक. अर्जात एक प्रश्न असतो. तुमच्या विद्यार्थिदशेतल्या वागणुकीत समितीला कळायला हवी अशी काही आगळीक घडली आहे का? ऐलीने तिथे लिहिलं. की मी एक वर्ष शरीरशास्त्राची व्याख्यानं फी न भरता आणि प्राध्यापकांना न विचारता ऐकली. जे मी घेतलं ते माझं नव्हतं. देवाकडे मी क्षमा मागितली आहे, प्राध्यापकांकडे मागायची राहिली आहे.

मला विचारशील तर मुलीने बरोबर केलं. विचारल्याशिवाय घेतलं ते घेतलंच. तू आपल्या चर्चच्या मंडळीतून उठून गेलास आणि देवळाऐवजी व्याकरणात जाऊन बसलास, म्हणून तुला हे खुळ्यासारखं वाटेल. पण तिला जाऊन बस म्हणणारा कोण होता, हेही जरा आठव. टेलिफोन ऑफिसातला अर्वोचा मित्र रविवारी देवळाच्या दारात त्याला काहीतरी विचारत होता, मला पाहून दोघेही हवेबद्दल बोलायला लागले.

त्या प्राध्यापकाला भेट. आणि भेटताना तुझी ती जीभ घरी ठेवून जा.

तुझी,
हेल्मीताई


एल्मफर्ड
११ डिसेंबर १९८३

चि. ऐली हिस,
आशीर्वाद. ते आहेतच. वि. वि. मात्र पुष्कळ आहे.

ताईचं पत्र वाचून मी अर्धा दिवस कोणाशी बोललो नाही. तुझ्या मामीला वाटलं की माझी तब्येत बिघडली. मग बोलायला लागलो तेव्हा तिला खात्रीच पटली.

अगं मुली, त्या आगळिकीच्या रकान्यात लोक काय लिहितात तुला कल्पना आहे? परीक्षेत नक्कल करताना धरले गेलो. फुटबॉलच्या सामन्यानंतर दारू पिऊन पुतळ्यावर चढलो. वसतिगृहात आग लावली, पण लहान होती. त्या सभ्य मंडळींच्या शेजारी खुर्ची ओढून तू जाऊन बसलीस. हा देश असा आहे की इथे माणसाने दारातून नुसतं डोकावलं तरी त्याला अनुभव म्हणतात. वॉरनने छत्री शोधली तिचं मेंदूविज्ञान झालं. आणि तू वर्षभर शिकलीस त्याचा तू गुन्हा केलास. पृथ्वीच्या पाठीवर ही चूक दुसऱ्या कोणाला सुचली नसती. ती करायला पेल्टोलाच हवं, आणि तिथलीही आपलीच मंडळी हवी.

संस्कृत व्याकरणात एक प्रत्यय आहे. तो शब्दाला लागतो आणि लागताक्षणी संपूर्ण नाहीसा होतो. अक्षर उरत नाही, पण शब्दाचं काम होऊन गेलेलं असतं. मी वर्गात तो शिकवतो तेव्हा मुलं अविश्वासाने बघतात. यापुढे मी तुझं उदाहरण देईन. कॉलेजच्या दप्तरात तुझं अक्षर नाही. होतं ते फक्त तुझ्या डोक्यात काम झालेलं, आणि त्यावर तू स्वतःच्या हाताने काट मारलीस.

असो. वोलकॉटांना भेटलो. जीभ घरी ठेवायला विसरलो, पण तिचा उपयोग झाला नाही, कारण त्यांची जास्त लांब आहे. खोलीत पाहुण्यांसाठी एक खुर्ची आहे, तिच्यावर मांडीचं हाड ठेवलेलं होतं. ते त्यांनी उचललं नाही, मग मी उभाच. तुझं नाव सांगितलं. म्हणाले, ऐकलं नाही. कशी दिसते ते सांगितलं. म्हणाले, मी विद्यार्थ्यांचे चेहरे बघत नाही, आत काय असतं ते मला माहीत आहे. शेवटच्या रांगेत दाराजवळ बसायची म्हटल्यावर म्हणाले, त्या रांगेत मी तीस वर्षं माणसं झोपलेलीच पाहिली आहेत.

मी म्हटलं, मग दोन ओळी लिहून द्या की तुमची हरकत नव्हती. तर म्हणाले, हरकत नव्हती असं लिहिलं तर फी-खातं मला विचारेल की फुकट बसवायचा अधिकार तुला कोणी दिला. हरकत होती असं लिहिलं तर तुमची भाची बुडते. म्हणून मी काहीच लिहीत नाही, ही माझी तिच्यावर मेहेरबानीच समजा. मग विचारलं की तुम्ही काय शिकवता. संस्कृत म्हटल्यावर पहिल्यांदा चेहरा खुलला. म्हणाले, तुमच्या वर्गात कोणी चोरून बसतं का? मी सांगितलं की आजवर नाही, पैसे भरलेलेच चोरून बाहेर जातात. यावर ते हसले, आणि तरीही लिहिणार नाही म्हणाले.

तर स्थिती अशी आहे. तुला काही सुचत असेल तर कळव. क्षमा सोडून.

चिडलेला, पण तुझाच,
रेइनोमामा


पेल्टोला
१९ डिसेंबर १९८३

ती. रेइनोमामांस,
शि. सा. न. वि. वि.

क्षमाच सुचते. मी नाताळ झाल्यावर बसने येते. सरांकडून पत्र मागायला नाही. त्यांच्याकडे क्षमा मागायची राहिली आहे असं मी सही करून लिहिलंय, आणि लिहिलेलं खोटं ठरता कामा नये. पुढे कॉलेज काय करायचं ते करो. टेलिफोनवर मला बसता येतं.

खरं सांगायचं तर हे शेवटचं वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं. मला टेलिफोनवर बसायचं नाही, मामा.

तुम्ही सोबत आलात तर बरं वाटेल. मात्र वोलकॉट सरांविषयी बोलताना तुमचा जो चेहरा होतो तो घरी ठेवून या. आई तुमच्यासाठी निसू, आपला वेलदोड्याचा गोड पाव, देणार आहे, दोन लाद्या. एक सरांना.

तुमची,
ऐली


एल्मफर्ड
८ जानेवारी १९८४

ती. हेल्मीताईस,
रेइनोचा सा. न. वि. वि.

ऐली आज सकाळच्या बसने निघाली, तुझ्या हाती हे पडेल तेव्हा घरी पोचलेली असेल. ती तुला सगळं सांगेल, म्हणजे काहीच सांगणार नाही. म्हणून लिहितो.

आम्ही गेलो तेव्हा वोलकॉट परीक्षेचे पेपर तपासत होते आणि दर पानाला सुस्कारे सोडत होते. खुर्चीवर मांडीचं हाड होतंच. ऐलीने तुझा निसू टेबलावर एका कवटीशेजारी ठेवला आणि सरळ उभी राहिली. म्हणाली, मी गेल्या वर्षी तुम्हाला न विचारता तुमच्या वर्गात बसले, त्याची क्षमा मागायला आले आहे. बस, एवढंच. आणि थांबली.

तुला सांगायला नको की आपल्यात यापुढचं काम समोरच्याचं असतं. त्याने केली म्हणायचं, की संपलं. पण त्या बिचाऱ्याला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. तीस वर्षांत त्याच्याकडे कोणी क्षमा मागितली नव्हती, मार्क मागितले होते. त्याला आधी वाटलं की मुलीला पेपर पुन्हा तपासून हवाय. म्हणाला, फेरतपासणी बंद झाली. ती उभीच. मग वाटलं की ही कोर्टात जाणार. म्हणाला, विद्यापीठाचे वकील दुसऱ्या इमारतीत बसतात. तरी ती उभीच. ताई, गप्प उभं राहण्यात आपल्या माणसांचा हात धरणारा या खंडात कोणी नाही. शेवटी त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की तुम्ही दोन शब्द म्हणायचे आहेत, केली क्षमा. तर हा तडकला. म्हणाला, का म्हणून? माझं काय गेलंय ते कळल्याशिवाय मी क्षमा कशाची करू? ऐली म्हणाली, ते तुम्हीच बघा.

मग तो उठला, दार लावलं, मांडीचं हाड उचलून मला धरायला दिलं आणि खुर्ची तिला दिली. म्हणाला, चल, काय काय नेलंस ते दाखव.

दुपार उलटेपर्यंत ते चाललं. मी हाड धरून. मानेपासून हातापर्यंत उतरणारं नसांचं जाळं त्याने तिच्याकडून वदवून घेतलं, मग उलटं, बोटांपासून मानेपर्यंत. फुप्फुसं, यकृत, पायाच्या तळव्याचे थर. तुझा निसू तो एका हाताने खात होता आणि दुसऱ्या हाताने हाडं पुढे सरकवत होता. मनगटाच्या लहान हाडांत तिने दोन हाडांची अदलाबदल केली. तो तोंड उघडणार तोच ती स्वतः म्हणाली, चुकलं, हे इकडचं. त्यावर त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, चेहरा त्याने तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. बाकी सारंच तिला आलं असं नाही. पोटातल्या रक्तवाहिन्यांत ती दोनदा रस्ता चुकली आणि एकदा तर मला माहीत नाही म्हणून मोकळी झाली.

शेवटी तो म्हणाला, केली क्षमा. दाढ उपटून द्यावी तसे शब्द निघाले, पण निघाले. आणि मग आपणहून टाइपरायटर ओढला. फी-खात्याचं काय, असं मी विचारलं. म्हणाला, त्यांना शरीरशास्त्र कुठे येतंय. पत्र मला वाचू दिलं, म्हणून तुला उतरवून पाठवतो:

"सदर मुलीने माझा विषय वर्षभर चोरला. मी तिला बोलावून, अथवा तिने मला गाठून, चोरीचा माल तपासण्यात आला. मनगटातली दोन हाडं इकडची तिकडे झाली होती, ती तिने स्वतःच जागेवर ठेवली. पोटाकडच्या काही वस्तू गहाळ आहेत. बाकी ऐवज शाबूत आहे. हाच ऐवज मी रीतसर फी घेऊन ज्यांना दिला, त्यांच्याकडे तो चौकशीअंती सापडलेला नाही. त्यांचे पेपर टेबलावर आहेत, समितीने येऊन पाहावेत."

परत येताना मी ऐलीला म्हटलं, अगं, तो तुझा प्रश्न तरी विचारून घ्यायचास, गळ्याच्या नसेचा. एवढा माणूस समोर बसला होता. तर म्हणाली, आज मी परत द्यायला गेले होते, आणखी घ्यायला नाही. यावर मी फक्त टोपी कानांवर ओढून घेतली. माझ्याविषयी एवढं पुरे.

अर्वोला नमस्कार. मनात माझी जागा असेल तेवढी राहू दे.

तुझा,
रेइनो


एल्मफर्ड
१ एप्रिल १९८४

ती. हेल्मीताईस,
सा. न. वि. वि.

तारखेकडे बघू नकोस, सगळं खरं लिहितोय.

वॉरनला प्रवेश मिळाला. त्याने कालच येऊन पेढे म्हणून दुकानातली बिस्किटं दिली. मुलाखतीत त्याला आठ वर्गांविषयी विचारलं, तर तो म्हणाला की मला सगळ्यात जास्त भावला तो नीतिशास्त्राचा. समितीतल्या दोघांनी माना डोलावल्या म्हणे. व्हरांड्याचं कोणी विचारलं नाही. तेव्हा आता तुमच्या आमच्या छातीवर कान ठेवणारा एक डॉक्टर दाराबाहेरून ऐकायला शिकलेला असेल. मी माझी प्रकृती सांभाळायचं ठरवलं आहे.

ऐलीवरून मात्र समितीत भांडण झालं. हे मला वोलकॉटांनीच व्हरांड्यात गाठून सांगितलं. हल्ली ते मला ओळखतात, निसू कधी येणार म्हणून विचारतात. समितीतल्या एका गृहस्थांचं म्हणणं असं पडलं की मुलगी हुशार असेल, पण जी न विचारता आपली चूक लिहून देते, ती उद्या डॉक्टर झाली तर रोग्यालाही आपली चूक सांगेल. मग रोगी वकिलाकडे जाईल आणि विमा कंपनी आपल्या दारात येईल. असली डॉक्टर कॉलेजच्या नावाला परवडणार नाही. हे, ताई, शपथेवर डॉक्टर झालेला माणूस बोलला. आणि वाईट म्हणजे बाकीच्यांना त्यात तथ्य वाटलं.

वोलकॉट समितीत नाहीत. पण दार उघडं होतं, तर ते आत गेले. न बोलावता. म्हणाले, माझ्या पित्ताशयात खडे आहेत, एखाद्या दिवशी कोणीतरी ते काढणार आहे. त्या वेळी पोटात कात्री राहिली तर ती राहिली म्हणून सांगणारी बाई मला हवी, की गप्प राहून उत्सुकता दाखवणारा पोरगा, याचा समितीने निर्णय करावा. मलाही कळवावा, म्हणजे मी खडे तसेच ठेवायचे की काय ते ठरवीन. एवढं बोलून ते निघून आले. पुढे काय झालं ते त्यांना ठाऊक नाही. निकाल टपालाने तुमच्याकडेच येईल.

तुझ्या मामीने, म्हणजे ऐलीच्या मामीने, खोलीतला दिवा लावलाय. मी अजून मालवलेला नाही.

तुझा,
रेइनो


पेल्टोला
२२ एप्रिल १९८४

चि. रेइनो यास,
अ. उ. आ.

घेतली. गुरुवारी पत्र आलं. ऐलीने ते टपालपेटीपाशी उभ्यानेच वाचलं, ॲप्रनच्या खिशात घातलं आणि गाई दोहायला गेली. जेवताना बटाटे सगळ्यांना वाढून झाल्यावर म्हणाली की ऑगस्टात एल्मफर्डला जावं लागेलसं दिसतं. अर्वोने हं केलं आणि मीठ मागितलं. जेवण झाल्यावर बघते तर बाहेर पायरीवर बसून तिच्या बुटांना तेल चोळतोय. एप्रिलमध्ये.

त्यांनी एक अट घातलीय. शरीरशास्त्राचा वर्ग तिने पहिल्यापासून, पूर्ण फी भरून करायचा, आधीचं काही धरलं जाणार नाही. तू यावर काय बोलशील ते मला इथपर्यंत ऐकू येतंय, म्हणून लिहू नकोस. ऐलीला विचारलं, तर ती म्हणाली की हेच तर तिला हवं होतं. टेलिफोन ऑफिसातल्या मित्राला अर्वोने सांगितलं की पोरीला वेळ नाही.

निसू पाठवतेय. तीन लाद्या. एक त्या खडेवाल्यांना.

तुझी,
हेल्मीताई


एल्मफर्ड
३० ऑगस्ट १९८४

ती. हेल्मीताईस,
रेइनोचा सा. न. वि. वि.

ऐली सुखरूप पोचली, खोलीत नीट स्थिरावली, रात्री जेवण पोटभर घेते. ती दोन ओळींचं पत्र टाकीलच. पण पहिल्या दिवसाची हकीकत तिच्याकडून तुला मिळणार नाही, आणि ती दुसऱ्या कोणाला सांगता येण्यासारखी नाही, कारण साक्षीदार मी होतो. होय. मी गेलो होतो. माझा सकाळचा तास रिकामा होता, कारण माझा वर्ग अजून भरायचा आहे, म्हणजे विद्यार्थी कुठे आहेत ते शोधायचं आहे. वोलकॉटांच्या दालनाचं दार उघडं होतं. शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची मोकळी होती. बसलो.

जागा आडनावाच्या अक्षरांनी वाटलेल्या. तुझी मुलगी पहिल्या रांगेत आली आहे, तिला बिचारीला लपायला जागा नाही. वॉरन तिच्या मागेच, नवी कोरी पेन्सिल आणि नवी छत्री घेऊन. वोलकॉट आले, फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले. छाती, हृदय, महाधमनी. मुलं अशी भराभर उतरवून घेत होती की हॉलभर पेन्सिलींचा नुसता सरसर आवाज. मग त्यांनी विचारलं, काही शंका? ते नेहमी विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुसायला लागतात. पण ऐलीचा हात वर गेला.

पाठमोरी होती, पण मानेवरून मला कळलं की किती लाल झाली असेल. तिने विचारलं. गळ्याची नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर का जाते. आवाज आधी जरा फुटला, मग ठीक झाला. वोलकॉट डस्टर हातात धरून थांबले. म्हणाले, हा प्रश्न इतकी वर्षं कुठे होता? ती म्हणाली, शेवटच्या रांगेत.

मग त्यांनी सांगितलं. मला त्यातलं जेवढं समजलं तेवढं लिहितो. गर्भात मूल अगदी चिमूटभर असतं, तेव्हा त्याचं हृदय जवळजवळ गळ्यातच असतं. नस तिथूनच आपली साधी, सरळ, जवळच्या वाटेने जाते. पुढे मान लांबते आणि हृदय छातीत उतरतं. उतरताना ते त्या नसेला आपल्याबरोबर खाली ओढून नेतं. नस तुटत नाही. लांब होते, आणि आपलं गळ्यातलं घर सोडत नाही.

ताई, तीस वर्षं व्याकरण शिकवून मी इतकं नीट काही सांगितलेलं नाही. सगळा हॉल लिहीत होता. मग वोलकॉट म्हणाले की हे परीक्षेत येणार नाही.

एका क्षणात सगळ्या पेन्सिली खाली पडल्या. वॉरनची सर्वांत आधी. इतकी शांतता झाली की पहिल्या रांगेत एकच पेन्सिल अजून चालू आहे ती मला दारापर्यंत ऐकू आली.

तास सुटल्यावर मी पळणार होतो, पण वोलकॉट दारात आडवे आले. विचारलं, फी भरली आहे का? मी म्हटलं, क्षमा करा. तू हसशील. आपल्या मंडळीतून उठून आल्यापासून हा शब्द मी कोणाकडे मागण्यासाठी काढला नव्हता, आणि तो गळ्यातून वर यायला त्या नसेइतकाच वळसा पडला. वोलकॉट म्हणाले, आधी काय नेलंत ते दाखवा. मी त्यांना ती एक नस सांगितली, खाली उतरण्यापासून परत घरी येईपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं.

केली, म्हणाले. आता त्यांना ते पटकन जमतं.

निसू पाठव. माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
रेइनो